फुटाला एक सूत

शनिवारी दुपारी चिवटे सरांचा फोन आला:
“मेस्त्री, परिचय पाठवा. चार ओळी बास.
पत्रिका संध्याकाळी छापायला जाणार.”
मी रंधा आडवा ठेवला.
मनगटापर्यंत सागवानाचा भुसा, कानामागं पेन्सिल,
समोर पंपाच्या केसिंगचा अर्धा पॅटर्न.
उरलेला अर्धा अजून लाकडातच होता.

पहिली ओळ आली लगेच:
श्रीपती ज्ञानू मेस्त्री, उद्यमनगर, कोल्हापूर.
पण हे तर बिलावरही असतंय.

मग लिहिलं, तालमीत पाच वर्षं काढली,
एक कुस्ती मारली नाही.
खोडलं.
लिहिलं, घरात घुम्या. हे कांचनचं मत.
लिहिलं, रंकाळ्यावर रात्री साडेदहाला
भेळेच्या गाड्या झाकताना
पाण्याकडं तोंड करून मोठ्यानं बोलणारा तो मीच.
हे कांचनला माहीत नाही, म्हणून खोडलं.

एका कवितेत मी माझाच मालक झालो होतो
आणि मला कामावरनं काढलं होतं.
एका कवितेत बाई.
पंधरा दिवसांची पोर गेल्यावर
पान्हा आटेना म्हणून
परसातल्या जाईच्या मुळाशी दूध पिळणारी.
ती कविता पुतणीनं आईला वाचून दाखवली.
आई बराच वेळ लुगड्याचा काठ चाचपत राहिली,
मग म्हणाली, “तुला कुणी सांगितलं?”
मला कुणीच सांगितलं नव्हतं.
जाई तर मी कधी पाहिलीही नव्हती.

आता ह्यातला कोण पाठवायचा चार ओळींत?

तेवढ्यात दस्तगीर आला, भुवयांवर काळी वाळू घेऊन.
“कोअर-बॉक्स झाला का?”
म्हटलं, बाहेरचा आकार बघ की आधी, कसा गुळगुळीत आलाय.
तो हसला.
“भाईरनं काय, कुणीबी घासून दील मेस्त्री.
आतलं मोकळं नेमकं पायजे.
पाणी तितनंच जाणार.”

चहा घेऊन तो गेला. मी बसून राहिलो.
तीस वर्षं पोकळीचे साचे करतोय
आणि मला वाटायचं, माझ्यात जे नाही
ते नुसतंच नाही.

माझी पट्टी वेगळी आहे, हे चिवटे सरांना ठाऊक नसणार.
तिच्यावरचा फूट तुमच्या फुटापेक्षा सूतभर लांब.
बीड निवताना आकसतंय, फुटाला एक सूत,
ते आधीच धरून लाकूड मोठं ठेवायचं.
कागदावरचा मी असाच.
जरा जास्त रडका, जरा जास्त शूर,
नको तिथं बाई, नको तिथं मालक.
लोकांना खोटा वाटतो.
निवू द्या की जरा.

दोन पेट्या जुळतात तिथं कास्टिंगवर एक बारीक रेघ उठते.
गिऱ्हाईक म्हणतं, मारा ग्राइंडर.
मारतो. पोट आहे.
पण घरच्या वहीत ती रेघ मी घासत नाही,
बोट फिरवलं तर अजून लागते.

सहा वाजता नुसती पहिली ओळ पाठवली.
खाली लिहिलं, बाकीचं तिथं येऊन वाचतो.

रविवारी पत्रिका हातात आली.
छापलं होतं: श्रीपाद मेस्त्री.
चिवटे सर कपाळाला हात लावून म्हणाले, माफ करा हो.
म्हटलं, असू दे. हाही असंल एखादा.

मग माइकवरनं पुकारा झाला:
“यानंतर… श्रीपाद मेस्त्री!”
मी मान वळवून मागच्या रांगांकडं पाहिलं.
थोडा थांबलो,
त्याला उठायला वेळ लागत असंल म्हणून.
कुणी उठेना.
तेव्हा वही घेतली
आणि गेलो.